धूर बाहेर आला की गावाचा

अण्णांनी कुठल्याही गोष्टीचं खरं कारण चारचौघांत सांगितल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. आमच्या दूध संस्थेचे ते चेअरमन. मी तिथं दूध तपासायची, मापायची, लिहायची आणि गाडी गेली की फरशीही धुवायची. पगारी माणूस असं संस्थेत मी एकटीच. त्यामुळं अण्णांची कारणं तयार होताना मी अगदी जवळून पाहिली आहेत. कुणी काही अडचणीचं विचारलं की ते डोक्यावरचा रुमाल काढायचे, झटकायचे, घडी नीट करून पुन्हा डोक्याला गुंडाळायचे, आणि तेवढ्या वेळात कारण तयार झालेलं असायचं.

"बाई," ते मला म्हणायचे, "खरं कारण घरात ठिवायचं. बाजारात खपतंय ते कारण भाईर काढायचं. भाजी आणायला कुणी सोनं नेतंय का?"

मला 'बाई' म्हणणारे गावात ते एकटेच. मी तेव्हा विशीतली, मॅट्रिक झालेली, बौद्ध वस्तीतली पोरगी. बाकीच्यांच्या तोंडी 'ए पोरी' असायचं आणि फारच माया आली तर नाव. अण्णांनी साठी ओलांडली होती, गावात त्यांना मान होता, पण मला त्यांनी कधी 'तू' म्हटलं नाही. मी एकदा म्हणाले, "अण्णा, मला कशाला तुमी म्हणता?" तर रुमाल काढला, झटकला आणि म्हणाले, "संस्थेच्या मानसाला तुमी म्हनलं की पगार उशिरा दिला तरी चालतंय." आता हे काही खरं कारण नव्हतं, हे मलाही कळत होतं.

आमचं गाव मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. निम्मी भांडणं मराठीत सुरू व्हायची आणि कानडीत मिटायची. बहात्तरचा दुष्काळ लोक विसरत आले होते, तोवर दुसरा येऊन उभा राहिला. ओळीनं दोन पावसाळे कोरडे गेले. अशा दिवसांत अण्णा छत्री घेऊन हिंडायचे. आभाळात ढगाचा तुकडा नाही, विहिरीच्या तळाला बेडूकही उरला नाही, आणि हा म्हातारा काळी छत्री काखेत मारून चाललाय. ज्यानं त्यानं विचारावं आणि ज्याला त्याला वेगळं उत्तर मिळावं. कुणाला सांगायचे, कुत्री मागं लागतात. कुणाला, गुडघा दुखतो. मला सांगितलं ते असं: "दोन साल पावसाला लई शिव्या घातल्यात, बाई. अवचित आला न् म्या भिजलो तर त्याला वाटंल, बरी जिरली म्हाताऱ्याची." हे खरं की बाजारातलं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

माझी नेमणूक झाली ती अशाच एका कारणावर. संस्थेला दूध तपासायला शिकलेलं माणूस हवं होतं. अण्णांनी माझं नाव सुचवलं आणि पंचमंडळी गप्प झाली. मनात काय आहे ते कुणी बोलेना. 'पोरगी ल्हान हाय' म्हणाले, 'पहाटं यावं लागतंय' म्हणाले. माझ्या हातून मापलेलं दूध, ही खरी अडचण होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक असून कुणाच्या तोंडून बाहेर पडत नव्हती. अण्णांनीही ती काढली नाही. ते एवढंच म्हणाले, "हिच्या घरी म्हैस न्हाय, गाय न्हाय, शेळी न्हाय. दुधात पानी कुनाचं बी असू द्या, हिला कुनाची भीड? तुमच्यातला कुनी बशीवला तर सोताचं दूध कसं तपासंल ते बघा बुवा."

प्रत्येकाला वाटत होतं, शेजाऱ्याच्या दुधात पाणी असतं. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मी लागले नोकरीला. पुढं कधीतरी मी खरं कारण विचारलंच. तेव्हा रुमालाला हात न लावता म्हणाले, "तुमच्या बापानं खडी फोडून तुमाला शिकीवलं. त्याचं कायतर व्हाया पायजे का न्हाय?"

संस्थेची खोली म्हणजे पूर्वीचं धान्याचं कोठार. दार एक, खिडकी एक, तीही कबूतर कसंबसं आत यावं एवढी. पहाटे कंदील लावून मी लॅक्टोमीटर दुधात सोडायची तेव्हा बायका रांगेत आणि पुरुष भिंतीला टेकून बसलेले. दूध बायका आणायच्या. पुरुषांचं तिथं तसं काही काम नसायचं, पण दुष्काळी कामावर जाण्याआधी घटकाभर बोलत बसायची जागा तीच. आणि बोलणं बिडीवाचून होत नाही. कंदिलाभोवती धुराचा असा थर जमायचा की लॅक्टोमीटरवरच्या रेघा मला डोळे बारीक करून वाचाव्या लागत.

मला लहानपणापासून दम्याची खोड. धूर छातीत गेला की आतून दार लावल्यासारखं व्हायचं. चार मापं झाली की काहीतरी निमित्त काढून मी मागच्या भिंतीआड जायची, गुडघ्यांवर हात टेकून वाकायची आणि श्वास मिळेल तेवढा ओढून परत यायची. नोकरी सोडायचा विचार परवडणारा नव्हता. बाबा रस्त्याच्या कामावर, आई त्याच कामावर, आणि कायमची म्हणावी अशी मिळकत घरात तेवढीच एक. एकदा मी अशी वाकून उभी असताना अण्णा मागून आले. पाहिलं आणि परत फिरले. आत कुणीतरी विचारत होतं, पोरगी कुठं गेली म्हणून. अण्णांचा आवाज आला, "रिकामे कॅन मोजायल्यात बाई." त्या दिवसापासून मागं जाताना मला निमित्त शोधावं लागलं नाही. मी उठले की अण्णाच म्हणायचे, "बाई, कॅन मोजून या."

त्या उन्हाळ्यात आमचं दूध परत यायला लागलं. शीतकरण केंद्रावर झाकण उघडून हुंगायचे आणि 'वास येतोय' म्हणून कॅन बाजूला काढायचे. दुपारी गाडीवाला ते संस्थेच्या ओट्यावर आणून ठेवायचा. शेतं उघडी पडलेली, म्हशीच्या सडातून येईल तोच काय तो आधार, आणि तेच दूध उन्हात नासत उभं. खवा करावा तर जळण नाही. बायका पदर तोंडाला लावून कॅनकडं बघत उभ्या राहायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर अण्णांनी सकाळी सगळ्यांसमोर एका कॅनचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले.

"बिडी," ते म्हणाले.

शिवाप्पा खवळला. गावातलं सगळ्यांत जास्त दूध शिवाप्पाचं. पंचमंडळात अण्णांच्या खालोखाल मान त्याचा, आणि बिडीही सगळ्यांत जास्त तोच ओढायचा. "दुधाला बिडीचा वास?" तो म्हणाला. "कायबी बोलायलाव का, अण्णा?"

"कांद्यापाशी दूध ठिवलं तर पेतूस का तू?"

"न्हाय."

"का?"

दूध वास धरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अण्णांनी खिशातून आपला बिडीचा कट्टा काढला, सगळ्यांना दाखवला आणि छत्री घेऊन बाहेर निघून गेले. कारण तेही ओढायचे, आणि काही कमी ओढायचे नाहीत. त्या दिवसापासून संस्थेच्या खोलीत बिडी बंद झाली.

यावर गावात जेवढी तोंडं तेवढी मतं. म्हातारे म्हणाले, पणजोबापासून गोठ्यात बिडी ओढतोय, एकही म्हैस आटली नाही. संस्थेसमोर महेबूबभाईचं किराणा दुकान होतं, बिड्या तिथूनच जायच्या. त्याला वाटलं आपला धंदा बसला. तो रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "अण्णा, तुम तो मेरे पेट पे लात मारे." अण्णा म्हणाले, "दारात एक बाकडं टाक." त्यानं टाकलं. आठ दिवसांत सगळी मंडळी त्या बाकड्यावर दिसायला लागली. समोर बरणीत गोळ्या, चिवडा, तंबाखू, सगळं नजरेसमोर. संस्थेच्या खोलीत माणूस खिशातली बिडी ओढायचा, इथं बसल्यावर आणखी काहीतरी घ्यावंच लागायचं. महेबूबभाई मग ज्याला त्याला सांगत सुटला, "कायदा अच्छा है. दूध का मामला है भाई, मजाक नहीं."

माझ्या बाबांना मात्र ते आवडलं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं मला अजून टोचतं. ते मला म्हणाले, "त्या खोलीत मला कुनी बस म्हनत न्हवतं. पानी वरनं वाढायचे. पर बिडी पेटवायला काडी मागायचे माझ्याकडं. हाताला हात लागायचा. तेवढंबी बंद केलं तुज्या अण्णांनी." मी अण्णांना हे सांगितलं. रुमाल काढला गेला, पण कारण काही आलं नाही. म्हणाले, "त्यांचं खरं हाय." महेबूबभाईच्या बाकड्यावर बाबांना बसायला पुढं बराच काळ जावा लागला. आधी ते शेजारी उकिडवे बसत.

आणि दूध परत यायचं थांबलं. पंधरवड्यात गाडीतून एकही कॅन माघारी आला नाही. गावाची छाती फुगली. आमच्या गावच्या माणसांनी बिडी टाकून दूध सुधारलं, असं लोक सोयऱ्याधायऱ्यांत सांगायला लागले. शिवाप्पाही सांगायचा, स्वतःच्या त्यागासारखं. माझं भिंतीआड जाणं बंद झालं. पहाटे खोलीत दुधाचा, ओल्या फरशीचा आणि शेणाच्या हातांचा वास असायचा, आणि मी एका दमात पूर्ण रांग मापायची. माझ्या तरुणपणातले सुखाचे दिवस मोजायला बसले तर ते दुष्काळातले निघतात, याचं माझं मलाच नवल वाटतं.

अण्णा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी तेव्हा गावची संस्था सोडून उमरग्याला नोकरीला गेले होते. गावाकडचा एक माणूस स्टँडवर भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, अण्णा गेले की मागल्या आठवड्यात. खोकल्यानं गेले. बिडी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मी सोडा म्हणायची तर म्हणायचे, "माझी छाती हाय, जाळू का ठिवू, माझं मी बघन." आता त्याच स्टँडवर भिंतीभिंतीला धूम्रपान मनाईच्या पाट्या आहेत, दंड लिहिलेला आहे, आणि पाटीला टेकून लोक खुशाल ओढत असतात. मी तोंडाला पदर लावून पुढं सरकते आणि मला अण्णांची अशी आठवण येते की बस सुटली तरी कळत नाही. एक माणूस हवा होता इथं, रुमाल झटकून यांना पटेल असं काहीतरी सांगणारा. फार हवा होता.

बिडी बंद झाली त्याच वर्षी पौषात संस्थेची सभा भरली, शाळेत. नवा सुपरवायझर आला होता, शर्ट खोचलेला, बोलायला उत्सुक. त्यानं चाऱ्यावर भाषण केलं. बोलता बोलता आमच्याच गावाचं उदाहरण दिलं. म्हणाला, "उन्हाळ्यात तुमच्या दुधाला उग्र वास यायचा. कडबा संपल्यामुळं तुम्ही जनावरांना कडुलिंबाचा पाला घालत होता. त्याचाच वास दुधात उतरत होता. चारा डेपो सुरू झाला, पाला बंद झाला, दूध चांगलं यायला लागलं." आणि तो पुढच्या मुद्द्यावर गेला.

सभा मात्र तिथंच थांबली. शिवाप्पा हळूहळू उठला. "म्हंजे बिडीचा वास न्हवता?"

"बिडीचा?" सुपरवायझर म्हणाला. "नाही हो. एवढ्यानं कुठं?"

शाळेच्या व्हरांड्यात बायका उभ्या होत्या. त्या सगळ्यांनी एकाच वेळी पदर तोंडावर ओढले, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांना ठाऊक होतं! पुरुष रस्त्याच्या कामावर जायचे, झाडावरून पाला ओरबाडून म्हशीपुढं टाकायच्या त्या बायकाच. पाल्यानं दूध कडसर होतं हे ज्यांनी गोठ्यात जन्म काढला त्यांना कळणार नाही? गावातली एकूणएक बाई गप्प बसली होती. ज्या घरात म्हैस नव्हती त्या घरातली मी तेवढी अडाणी. आणि मग आठवलं की बिडी बंद केली त्याच आठवड्यात अण्णा रोज उमरग्याला तहसीलच्या पायऱ्या झिजवत होते, चारा डेपोसाठी.

"अण्णा," शिवाप्पा म्हणाला, "तुमाला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मग बिडीचं नाव कशापायी घेतलं? साऱ्या गावाला येडं केलंव तुमी. सात-आठ म्हैने आमी कुत्र्यावानी भाईर बसलाव."

अण्णांनी रुमाल काढला. मी टेबलाशी सभेचं लिहायला बसले होते. मला वाटलं, आलं आता कारण. मी माझ्या परीनं मदतही केली. खाली वाकून पुटपुटले, "अण्णा, स्टोव्ह. रॉकेल. आग." संस्थेत स्टोव्ह होता, रॉकेलचा डबा होता. आगीचं कारण कुणालाही पटलं असतं, आणि बिडीबंदी टिकली असती. ती टिकणं माझ्यासाठी किती गरजेचं होतं, हे त्या शाळेत मला आणि अण्णांनाच ठाऊक होतं. खोलीत पुन्हा धूर आला असता तर मला महिनाभरही काम झेपलं नसतं. पौषाची थंडी, दार-खिडकी बंद, आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून शिवाप्पाचा मॅट्रिक पुतण्या घरी बसलेला.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रुमाल मांडीवर ठेवला. पुन्हा बांधलाच नाही.

"ही पोरगी," ते म्हणाले. मला त्यांनी पोरगी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "ही पोरगी रोज पहाटं आपलं दूध मापती. आपून धूर काढतो न् ही भित्तीमागं जाऊन दम गोळा करती. म्या बगितलंय. तुमीबी बगितलंय. आपल्याच बायका लेकरं कडंवर घिऊन रांगंत उब्या ऱ्हातात. ती लेकरं खोकतात, ते आपल्याला ऐकूबी येत न्हाय. हे असं सांगितलं असतं तर इझवली असती का कुनी बिडी? न्हाय इझवली कुनी. दुधापायी इझवलीव. म्हनून दुधाचं नाव घेतलं. माझं तर म्हननं असं हाय, धूर माझ्या छातीत हाय तवर माझा. भाईर आला की गावाचा. मग तो कुनाच्या छातीत जावा, हे मला एकट्याला ठरीवता यत न्हाय."

माझे कान तापले होते. सगळी शाळा माझ्याकडं बघत होती आणि मी कागदाकडं. मग मागून आवाज आला, "मग पोरीला बदला की! पंचाईतच मिटली!" लोक हसले. सगळे नाही, पण पुष्कळ हसले. ते हसणं मी लिहून घेतलं नाही, पण ते अजून ऐकू येतं.

शिवाप्पानं ठराव मांडला: कारण खोटं होतं, सबब बंदी रद्द. हात वर झाले. विरोधात काशीबाईचा एक हात वर झाला. ती नवऱ्यामागं स्वतःच्या नावानं सभासद झालेली एकटी बाई होती. दुसरा हात महेबूबभाईचा, त्याच्या बाकड्यापायी. आणि तिसरा अण्णांचा. व्हरांड्यातल्या बायकांना मत नव्हतं. म्हशी त्यांच्या आणि सभासद नवरे, असा तो हिशेब. मग अण्णा म्हणाले, "खोटं बोललो ते खरंच हाय. खुर्ची सोडतो." कुणी 'नको' म्हणालं नाही. शिवाप्पा चेअरमन झाला. पोरीचं काय करायचं ते नवे चेअरमन बघतील, असं ठरलं. मी ते माझ्याच हातानं लिहिलं.

सभा पांगल्यावर मी अण्णांना रस्त्यात गाठलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "का सांगितलंत? मी रॉकेल म्हणाले होते."

"ऐकलं की. चांगलं कारण हुतं. खपलं असतं."

"मग?"

त्यांनी छत्रीच्या टोकानं मातीत दोन रेघा ओढल्या. "म्हातारा झालो, बाई. एक डाव खरं कारण बाजारात नेऊन बगावं वाटलं. तुमाला इचारून न्यायला पायजे हुतं, ते चुकलं माझं."

"कुणी घेतलं नाही ते."

"बगू की," अण्णा म्हणाले. "बाजार उठला न्हाय अजून."

घरी आई म्हणाली, उद्या जाऊ नको, त्यांनी काढण्याआधी आपणच सोडलेलं बरं. पहाटे मी उठले तेव्हा मात्र बाबा कंदील पेटवून बसले होते. मला संस्थेच्या दारापर्यंत सोडून, आत न येता, ते कामावर गेले.

थंडी अशी होती की कॅनच्या कडीला हात लावला तर चटका बसावा. मी खिडकी लावून घेतली, स्टोव्हवर पाणी ठेवलं. बायका आल्या. सगळ्यांत पुढं काशीबाई. मग पुरुष आले, बऱ्याच महिन्यांनी भिंतीला टेकून आपापल्या जुन्या जागी बसले. कुणाच्या कानावर बिडी, कुणाच्या हातात. पण पेटवली कुणी नाही. नव्या चेअरमनची वाट बघत होते, पहिली त्यानं पेटवावी म्हणून.

शिवाप्पा आला तो डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडं गुंडाळून. खुर्चीत बसला. कट्टा काढला, त्यातली एक बिडी ओढून घेतली, बोटांत फिरवून मऊ केली. दुसऱ्या हातात काडेपेटी. मी माप भरत होते. छातीत आतापासूनच दम दाटत होता, धूर नसतानाच. रांगेत कुणाचंतरी लेकरू खोकलं. बारीकसं, एकदाच. आणि खोलीत ते सगळ्यांना ऐकू आलं.

शिवाप्पानं काडी ओढली नाही. त्यानं माझ्याकडंही पाहिलं नाही. समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला, "काय उकडायलंय हितं." आणि घोंगडं सावरत उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं एकजण म्हणाला, गाडी आली का बघतो. दुसऱ्याला बैल सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. एकेक करून सगळे बाहेर गेले आणि दार जाताना ओढून घेतलं, आत थंडी येऊ नये म्हणून. काशीबाईनं आपलं मडकं पुढं सरकवलं आणि मी लॅक्टोमीटर सोडला. त्याच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, पण मला काही केल्या वाचता येईनात.

गाडी गेली, फरशी धुतली आणि मी धावतच अण्णांच्या गोठ्याकडं गेले. ते म्हशीला खरारा करत होते. मी सगळं सांगितलं, दम लागला म्हणून मध्ये थांबत थांबत. त्यांचा हात म्हशीच्या पाठीवर तसाच राहिला.

"काय म्हनला?"

"उकडतंय म्हणाले."

"अंगावर काय हुतं?"

"घोंगडं."

"काढलं का?"

"नाही. घेऊनच बाहेर गेले."

अण्णा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. संस्थेच्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा खरारा चालू केला.

"चांगला चेरमन हुईल," ते म्हणाले.